दवाखान्याची धास्ती

तृतीयपंथीयांना तब्येतीची पर्वा नसते, असं म्हणणारे डॉक्टर अजूनही भेटतात. गेल्या तीस वर्षांकडे पाहिलं तर मला वेगळंच दिसतं. पर्वा होती, दवाखान्याची धास्ती तिच्याहून मोठी होती.

नव्वदच्या दशकात आरोग्यव्यवस्थेने त्यांची दखल घेतली ती एचआयव्हीमुळे. 1994 मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि 2000 मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची सखी चार चौघी या संस्था उभ्या राहिल्या. वस्तीत कंडोम पोहोचले, तपासणीला सोबत येणारं माणूस मिळालं. काम मोठंच, पण व्यवस्थेची नजर कमरेखालीच अडकली. दातदुखी किंवा बीपी घेऊन आलेलीलाही आधी रक्त तपासायला धाडायचे. केसपेपरच्या खिडकीवर पुरुषाचं नाव पुकारलं की सगळी रांग वळून बघणार. भरती व्हायचं तर वॉर्ड पुरुषांचा की बायकांचा, यावर खल. त्यापेक्षा दुखणं अंगावर काढलेलं बरं!

निर्वाणाची, म्हणजे लिंगच्छेदाच्या विधीचीही हीच गत. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये लिंगच्छेद म्हणजे गंभीर दुखापत, म्हणून सर्जन हात लावायला कचरत. मग दाई, नाहीतर कुठला तरी आडबाजूचा दवाखाना. पुढचे चाळीस दिवस गुरूच्या घरी जपणूक. त्या शुश्रूषेत कुठल्याही वॉर्डापेक्षा माया जास्त असेल, पण जंतुसंसर्गापुढे माया काय करणार? शरीर बदलावं म्हणून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या. मात्रा मैत्रिणीने सांगितलेली. रक्तात गुठळी होऊ शकते, हे सांगायला कुणी नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या ‘नालसा’ निकालाने ओळख मान्य केली. 2019 च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याने शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार आणि विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली. 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला 5 लाखांचं विमाकवच जाहीर झालं, अर्थात तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र असेल तर. 2023 मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात 30 खाटांचा स्वतंत्र वॉर्ड आला.

धास्ती कशाने कमी होते, ते मात्र ‘मित्र’ क्लिनिकने दाखवलं. 2021 मध्ये हैदराबादेत, मग कल्याण आणि पुण्यात. तिथे काम करणाऱ्यांत तृतीयपंथी समाजातलीच माणसं होती. संप्रेरकांपासून मनाच्या दुखण्यापर्यंत सगळं एका छताखाली विचारता येई. पैसा अमेरिकी मदतीचा. 2025 च्या सुरुवातीला तो आटला आणि तिन्ही क्लिनिकं बंद पडली. हैदराबादचं काही महिन्यांनी टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ नावाने पुन्हा उघडलं. मधल्या काळात गोळ्यांची मात्रा पुन्हा मैत्रिणींनाच विचारावी लागली असणार.