परसातला सौना आणि पेठेतले समज

सदाशिव पेठेत हल्ली असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील एखादा मुलगा, सून अथवा नात मिनेसोटा, टोरांटो किंवा हेलसिंकी अशा एखाद्या गारठ्याच्या मुलखात स्थायिक झालेली नाही. आणि हिवाळ्यात तिकडून येणाऱ्या वर्तमानात, बर्फ किती पडले आणि नातवाला दात किती आले या मजकुराच्या जोडीला, घरामागच्या परसात सौना बांधण्याची मसलत चालली असल्याची वार्ताही अलीकडे अधूनमधून येऊ लागली आहे. ती ऐकून येथे जी मते व्यक्त होतात त्यांत आत्मविश्वासाची उणीव मुळीच नसते. कारण मत देण्यापूर्वी माहिती मिळवावी असा दंडक या पेठेने कधी मान्य केल्याचे ऐकिवात नाही. परंतु ज्या बांधकामात अग्नी, पाणी, वीज आणि उघडे मनुष्यशरीर ही चारही एका लहानशा खोलीत एकत्र येतात, त्याविषयी चुकीचा समज बाळगणे हा केवळ बौद्धिक प्रमाद राहत नाही, म्हणून हा खुलासा.

सर्वांत दृढ समज असा, की सौना म्हणजे पंचकर्म करणाऱ्या वैद्यांकडची स्वेदनपेटीच, फक्त मोठी आणि महागडी. वस्तुतः दोहोंची प्रकृती भिन्न आहे. पेटीत मनुष्याचे मस्तक बाहेर असते आणि शरीराभोवती पाण्याची वाफ कोंडलेली असते. तेथील तापमान माफक असले तरी आर्द्रता पराकोटीची असते. सौनातील हवा याउलट कोरडी असते आणि तिचे तापमान ७० ते ९० अंश सेल्सिअस, कित्येकदा त्याहूनही अधिक असते. आता ९० अंशांच्या पाण्यात बोट घातले असता फोड येतो, मग त्याच तापमानाच्या हवेत मनुष्य स्वस्थ बसून गप्पा कसा मारू शकतो, हा प्रश्न वाजवी आहे. कोरड्या हवेची उष्णता वाहून आणण्याची शक्ती पाण्याच्या मानाने अत्यल्प असते आणि त्वचेवरील घामाचे बाष्पीभवन निर्वेध चालू राहिल्याने शरीर स्वतःस निववीत असते, हे त्याचे उत्तर. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकताच मात्र स्थिती क्षणात पालटते: हवेतील बाष्प वाढते, ते तुलनेने थंड असलेल्या त्वचेवर द्रवरूप होते आणि आपली सुप्त उष्णता तेथे सोडते, त्यामुळे उष्म्याची लाट अंगावरून गेल्यासारखे वाटते. फिनलंडचे लोक या लाटेसच सौनाचा आत्मा मानतात. ज्या पेट्यांत दगड नाहीत आणि पाणीही टाकता येत नाही, केवळ अवरक्त किरणांचे तापक लावलेले असतात आणि हवा ४५ ते ६० अंशांवरच राहते, त्या याच नावाने विकल्या जात असल्या तरी ती वस्तूच निराळी आहे.

दुसरा समज पहिल्याच्या नेमका विरुद्ध, म्हणून बहुधा त्याच मुखातून ऐकू येतो: हे सारे परकीय खूळ असून आपल्या परंपरेत तापलेल्या खोलीत बसण्याची कल्पनाच नाही. अशा सद्गृहस्थांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय एकवार वाचावा. तेथे अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले असून त्यांपैकी जेंताक नावाचा प्रकार म्हणजे शुद्ध वास्तुशास्त्रच आहे. जमीन काळ्या अथवा सोनेरी मातीची व प्रशस्त असावी. जवळ जलाशय असावा आणि इमारत त्यापासून सात-आठ अरत्नी, म्हणजे स्थूलमानाने तितकेच हात, अंतरावर असावी. घर वर्तुळाकार, सोळा अरत्नी उंचीचे व तितक्याच विस्ताराचे, मातीने लिंपलेले आणि अनेक वातायनांचे असावे. आत भिंतीच्या कडेने दारापर्यंत एक अरत्नी रुंद व तितकाच उंच ओटा असावा. मध्यभागी पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झाकण असलेली मातीची भट्टी असावी आणि तीत खैरासारखे लाकूड जाळावे. लाकूड पूर्ण जळून धूर नाहीसा झाल्यानंतरच, अंगास तेल लावलेल्या मनुष्याने आत प्रवेश करावा, ही त्यातील अट मला विशेष लक्षणीय वाटते. कारण फिनलंड व एस्टोनिया या देशांतील जुन्या धूरसौनाची रीत हीच आहे. तेथेही धुराडे नसलेल्या खोलीत दगडांच्या राशीखाली कित्येक तास विस्तव पेटवितात, तो विझू देतात, धूर बाहेर घालवितात आणि मग आत जातात. एस्टोनियाच्या व्होरुमा प्रांतातील ही प्रथा २०१४ साली आणि फिनलंडची सौनासंस्कृती २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत दाखल केली. यावरून त्यांनी आपल्याकडून घेतले, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. तसा पुरावा नाही, आणि अग्नी, दगड व थंडी यांपासून समान युक्ती सुचण्यास एकमेकांची पत्रे पोहोचावी लागत नाहीत.

चरकातीलच कुटीस्वेद या प्रकारात लहान, जाड भिंतींची, वातायनरहित गोल खोली बांधून मधोमध शय्या व तिच्याभोवती शेगड्या ठेवावयास सांगितल्या आहेत. अश्मघनात तर शिळाच तापवून, विस्तव काढून, तीवर निजावयाचे असते. पुढे मुसलमानी अमदानीत हमाम आले. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील चित्रित छताचा हमाम आजही पाहता येतो, आणि शनिवारवाड्यातही हमामखाना होता. पण हमाम हे आर्द्र उष्णतेचे स्नानगृह. सौनाशी त्याचे नाते पेटीपेक्षा फारसे जवळचे नाही.

राहिला प्रश्न पुण्यात हे बांधावे काय, हा. पुण्याच्या थंडीचा नोंदलेला नीचांक १७ जानेवारी १९३५ रोजीचा १.७ अंशांचा आहे आणि तो अजून अबाधित आहे. एरवी येथील हिवाळा शालीवर भागतो. सौना थंडीतच घ्यावयाचा असतो हाही समज खरा नाही, फिनलंडचे लोक तो भर उन्हाळ्यातही घेतात. तथापि वाडे पाडून उभ्या राहिलेल्या सदनिकांच्या सदाशिव पेठेत परस उरले आहे कोणाचे? तेव्हा आपण तिकडच्या परसाकडे वळू.

तेथे पहिली चूक जमिनीखाली होते. चार खांब उभे केले की लाकडी खोली तयार, असे पुण्याच्या मुरमावर म्हणता येईल. परंतु मिनेसोटात हिवाळ्यात माती गोठते, तीतील पाणी बर्फ होताना फुगते आणि वरच्या बांधकामास असमान उचलते. म्हणून त्या राज्याच्या नियमांत पायाची खोली दक्षिण भागात ४२ इंच व उत्तर भागात ६० इंच ठरविलेली आहे. टोरांटोत सुमारे चार फूट जावे लागते. खडीचा निचरायुक्त थर देऊन वर तरंगता ठोकळा पाया घालण्याची तजवीजही असते, पण ती स्थानिक नियम पाहूनच करावी.

दुसरी चूक भिंतीच्या पोटात होते आणि ती दोन-तीन वर्षांनी कुजल्या लाकडाच्या वासाने प्रकट होते. जाड फळ्या लावल्या की ऊब टिकते, या भ्रमावर अनेकांचा पैसा खर्ची पडला आहे. लाकूड हे मध्यम प्रतीचेच उष्णतारोधक. खरी ऊब टिकवितो तो फळीमागचा खनिज लोकरीचा थर, जो भिंतीत चार इंच आणि छतात त्याहून अधिक असावा, कारण उष्ण हवा वरच साचते. या लोकरीच्या आतल्या, म्हणजे उष्ण बाजूस अॅल्युमिनियमचा पत्रा-कागद सांधे चिकटवून अखंड लावावयाचा आणि तो व आतली फळी यांत बोटभर मोकळी जागा सोडावयाची. हा कागद बाहेरच्या बाजूस लावला, तर आतील बाष्प लोकरीत शिरून थंड पृष्ठभागाशी द्रवरूप होते आणि भिंत आतून भिजते. आपल्याकडील शीतगृहांत हाच रोधक बाहेरच्या बाजूस असतो, कारण तेथे उष्णता बाहेर असते. नियम एकच, बाजू मात्र तापमान ठरविते. साध्या प्लास्टिकचा कागद या उष्णतेत टिकत नाही.

लाकडाविषयी पेठेचे मत अर्थातच सागवानाच्या बाजूने पडते, आणि वाड्यांच्या खांब-तुळयांनी आपली जी सेवा केली ती पाहता ते स्वाभाविक आहे. परंतु बसावयाच्या फळीसाठी घनता हा दोष ठरतो: घन लाकूड उष्णता साठविते आणि ती त्वचेस झपाट्याने देते. म्हणून अॅस्पेन, आल्डर, सीडर अशी हलकी, राळ न गाळणारी लाकडे पसंत करतात, त्यांवर व्हार्निश चढवीत नाहीत, आणि स्क्रू खालच्या बाजूने बसवितात. धातूचे एक उघडे डोके मांडीस डाग देण्यास पुरेसे असते. ओट्याच्या उंचीकडे तर नवशिके हमखास दुर्लक्ष करतात. छत भव्य आणि बैठक खुर्चीइतकी ठेवली, की मस्तक तापते व पावले गारठतात. पावले दगडांच्या वरच्या पातळीच्या खाली न येतील अशा बेताने वरचा ओटा छतापासून सुमारे ११० सेंटिमीटरवर असावा. चढण्यास मध्ये दुसरा ओटा ठेवावा. वृद्धांनी वर चढण्याचा हट्ट न धरता या खालच्याच ओट्यावर बसावे, तेथे उष्मा सौम्य असतो.

भट्टीचे मान स्थूलतः असे: दर घनमीटरास एक किलोवॅट. दोन मीटर लांब, तितकीच रुंद आणि २.२ मीटर उंच खोली ८.८ घनमीटर भरते, म्हणजे ९ किलोवॅटची भट्टी हवी. काचेचे मोठे दार लावले तर आणखी, कारण काच उष्णता बाहेर सांडते. ९ किलोवॅट २४० व्होल्टवर सुमारे साडेसदतीस अँपिअर ओढतात, म्हणून त्यासाठी स्वतंत्र वायरिंग व परवानाधारक कारागीर लागतो. लहान खोलीस बांधकाम परवाना नको, ही सवलत पुष्कळ ठिकाणी असते. तिच्यात वीज व धुराडे यांचीही सुटका झाली, असा सोयीस्कर अर्थ घेऊ नये.

दगड कोणतेही चालतात, हा समज मात्र थेट इजेचा आहे. नदीतील गुळगुळीत गोटे सुंदर दिसतात, पण त्यांच्या भेगांत पाणी मुरलेले असते आणि तापताच ते फुटून तुकडे उडू शकतात. भट्टीसाठी ऑलिव्हिन डायबेस, पेरिडोटाइट असे घट्ट अग्निजन्य दगड वापरतात. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही अग्निजन्यच, तेव्हा पाहुण्यांच्या सामानातून दोन-चार पाठवावेत, अशी सूचना एका बैठकीत झाल्याचे मी ऐकले. त्या बैठकीस सांगावयाचे ते इतकेच, की दख्खनच्या या बसाल्टात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांत झिओलाइटसारखी स्फटिके भरलेली असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी तर कॅव्हॅन्साइट या निळ्या स्फटिकासाठी जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. झिओलाइटांच्या अंगी पाणी बांधलेले असते आणि तापविताच ते निघून जाते. असा दगड संग्रहालयात शोभतो, भट्टीवर नव्हे.

आणखी एक समज, जो काटकसरीच्या पोटी जन्मतो: उष्णता निसटू नये म्हणून खोली हवाबंद करावी. हवा बदलली नाही तर आत बसलेल्यांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि लाकडाची भट्टी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचे भय, जो वायू वासावाचून जीव घेतो. भट्टीचे कारखानदार हवा तासाला सुमारे सहा वेळा बदलावी असे सांगतात: आगमन भट्टीजवळून, निर्गमन समोरच्या भिंतीच्या खालच्या अंगास. चरकाने जेंताकास अनेक वातायने सांगितली ती शोभेसाठी नसावीत.

आता आरोग्याविषयी, जेथे अतिशयोक्ती सर्वांत स्वस्त असते. घामावाटे शरीरातील विषे निघून जातात, हे विधान विक्रेत्यांना प्रिय आहे. ते काम मुख्यतः यकृत व मूत्रपिंडे करतात, घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ. सौनानंतर काटा खाली येतो तोही पाण्यामुळेच, आणि दोन पेले पिताच परत वर जातो. हृदयास हितकर असल्याचा दावा मात्र अगदी निराधार नाही. फिनलंडच्या कुओपियो भागातील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांच्या, सुमारे वीस वर्षे चाललेल्या निरीक्षणाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले. परंतु हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे; जो मुळात धडधाकट असतो तोच वारंवार सौनात जातो, हा संशय त्यातून पुरता जात नाही. आणि अधिक तापमान म्हणजे अधिक लाभ, या समजाचा निकाल तर फिनलंडच्याच हेइनोला गावी लागला. तेथे ११० अंशांत अधिकाधिक काळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि ती स्पर्धा कायमची बंद पडली.

चरकाने स्वेद कोणास देऊ नये याची जी यादी दिली आहे, तीत गर्भिणी, मधुमेही, नित्य मद्यपी, दुर्बल यांच्यासमवेत तहानलेला, भुकेला आणि क्रुद्ध मनुष्यही आहे. आजचे डॉक्टर अस्थिर हृदयविकार, नुकताच येऊन गेलेला झटका, अतिशय कमी अथवा ताब्यात नसलेला रक्तदाब यांची भर घालतात, आणि मद्य घेऊन सौनात बसण्यास सर्वथा मनाई करतात. बाहेर पडताच बर्फात लोळण्याच्या प्रथेचे कौतुक पुष्कळ होते. त्या क्षणी आवळणाऱ्या रक्तवाहिन्यांचा भार हृदयावर पडतो, म्हणून पासष्टीच्या पाहुण्याने त्या शौर्यात भाग घेऊ नये. एक मुहूर्त थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, हा जेंताकाचा उपचार त्याला पुरे.

त्याच जेंताकात रुग्णास बजावले आहे, की मूर्च्छा येईलसे वाटले तरी भिंतीकडचा ओटा सोडू नये, त्याच्याच आधाराने दारापर्यंत यावे, कारण मध्ये भरकटल्यास प्राणाशी गाठ पडेल. ज्या वैद्याने हे लिहिले त्याला उष्णतेइतकीच बाहेर पडण्याच्या वाटेची काळजी होती. तेव्हा तिकडून नकाशा आला, तर लाकूड आणि भट्टीची किंमत विचारण्यापूर्वी दार पाहावे: ते बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे, नुसत्या धक्क्याने उघडावे, आणि त्याला आतून अथवा बाहेरून कडी मुळीच नसावी.