मन भटकले, हे कळण्याचा क्षण

वणी तालुक्यातले राजूर म्हणजे कोळसा आणि चुनाभट्ट्यांचे गाव. रस्त्यावरून ट्रक जातच असतात. अशा ठिकाणी ध्यान कसे जमणार, असे वाटणे साहजिक आहे. पण ध्यानाला शांतता लागतेच असे नाही.

पाच मिनिटे काढा. पाठ सरळ ठेवून बसा. मोबाइलवर मार्गदर्शनाचा आवाज लावलात तरी चालेल. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणवू द्या. तो जोराने ओढू नका; हवेत धूळ असेल तर मुळीच नाही. थोड्याच वेळात मन घरखर्चाकडे, मुलांच्या परीक्षेकडे पळेल. पळू दे. पळाले हे लक्षात आले, की पुन्हा श्वासाकडे या.

खरा व्यायाम इथेच आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात १४ ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. मन भटकताना मेंदूचे एक जाळे जागे होते, भटकल्याचे कळताच दुसरे, आणि लक्ष परत वळवताना तिसरेच. म्हणजे भटकणे हे अपयश नव्हे. त्यावाचून परत येण्याचा सराव होणारच नाही. मला ही गोष्ट फार धीर देणारी वाटते.

हे स्कॅन अमेरिकेत झाले, तरी ध्यान-योग प्रयोगशाळेत तपासण्याची वाट आपल्याच महाराष्ट्रातली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधन-नियतकालिक सुरू केले.

आपल्या पाच मिनिटांत डोळे मिटून अस्वस्थ वाटले, तर ते उघडे ठेवा. उद्या ट्रकचा आवाज आला, की तोही ऐका, आणि परत या.