८४ दिवसांची मुदत

शासनाच्या हुकुमाविरुद्ध सामान्य माणसाला दाद मागता यावी, आणि ती दाद कायद्याच्या शब्दार्थापाशीच न थबकता प्रकरणाच्या गुणावगुणांपर्यंत पोहोचावी, या हेतूने ऑस्ट्रेलियात १ जुलै १९७६ रोजी प्रशासकीय अपील न्यायाधिकरण सुरू झाले. जेरार्ड ब्रेनन हे त्याचे पहिले अध्यक्ष. शिक्षा झालेल्या परकीय नागरिकांच्या हद्दपारीची प्रकरणे लवकरच त्याच्यापुढे येऊ लागली, आणि अशाच एका प्रकरणात १९७९ साली संघीय न्यायालयाने न्यायाधिकरणाचे कर्तव्य मुकरर केले: अधिकाऱ्याचा हुकूम त्याच्या जागी वाजवी होता की नाही एवढेच न पाहता, समोरच्या पुराव्यावरून बिनचूक अथवा अधिक श्रेयस्कर निर्णय कोणता, हे त्याने स्वतः ठरवावे. अपराध्याच्या आयुष्याकडेही कोणीतरी पुन्हा एकदा, नव्या दृष्टीने पाहावे, हे त्या निकालाचे मर्म मला आजही मोलाचे वाटते.

पुढच्या काळात हे अवकाश संकोचत गेले. १ जून १९९९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने स्थलांतर कायद्याच्या कलम ५०१ चे स्वरूप पालटले. आपण चारित्र्याच्या कसोटीस उतरतो अशी मंत्र्यांची खातरजमा करण्याचा भार अर्जदारावर पडला, आणि १२ महिने वा अधिक कारावासाची शिक्षा झालेला मनुष्य, मग तो व्हिसा काही वर्षांचा मागो की कायमचा, त्या कसोटीत आपोआप नापास ठरू लागला. व्हिसा नाकारल्याची नोटीस ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर मिळालेल्या अर्जदाराने ९ दिवसांत दाद मागायची, साक्षीतील मजकूर सुनावणीपूर्वी निदान दोन कामकाजाचे दिवस आधी मंत्र्यांकडे लेखी धाडायचा, आणि एवढे करूनही नोटिशीपासून ८४ दिवसांत निकाल लागला नाही, तर मूळ नकारच कायम झाला असे कायद्याने मानायचे! विलंब न्यायपीठाचा, शिक्षा मात्र अर्जदाराला. आणि हा अर्जदार बहुधा स्थानबद्धता केंद्रात बसून वकील शोधत असतो. मंत्र्यांनी जातीने दिलेल्या नकाराविरुद्ध तर न्यायाधिकरणाचे दारच बंद.

डिसेंबर २०१४ मध्ये तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्यांचे व्हिसा रद्द करणे सक्तीचे झाले, तेव्हा सर्वाधिक झळ न्यूझीलंडच्या लोकांना लागली. त्यांचा ४४४ क्रमांकाचा व्हिसा कागदोपत्री तात्पुरता, परंतु त्याच्या आधारे कित्येकांनी बालपणापासून सारे आयुष्य ऑस्ट्रेलियात काढलेले. तात्पुरता या शब्दाआड अख्खा संसार दडू शकतो, हे दफ्तराला दिसत नाही. २०२० साली न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सिडनीत ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान मॉरिसन यांच्या शेजारी उभे राहून याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली.

न्यायाधिकरणावर बंधनकारक असलेले मंत्र्यांचे निर्देशही वारंवार बदलले: क्रमांक ६५, ७९, ९०, ९९ आणि ११०, दहा वर्षांच्या आत पाच. मार्च २०२३ च्या ९९ व्या निर्देशाने ऑस्ट्रेलियाशी जडलेल्या ऋणानुबंधांना प्रमुख विचारांत स्थान दिले; त्याआधारे झालेल्या काही निकालांवरून गदारोळ उठताच जून २०२४ मध्ये ११० व्या निर्देशाने समाजाच्या सुरक्षिततेचे पारडे पुन्हा जड केले. समाजाची काळजी रास्तच. पण राजकीय वाऱ्याबरोबर तराजूच हलू लागला, तर तोलणाऱ्याने काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी जुने न्यायाधिकरण बरखास्त होऊन प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण त्याच्या जागी आले. ८४ दिवसांचे कलम मात्र जसेच्या तसे पुढे चालत आले. ते रद्द झाले पाहिजे.