गळालेलीं सतरा वर्षें

टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरींत बिल्बो आपल्या १११ व्या वाढदिवशीं जादूची अंगठी वारस फ्रोडो याच्यासाठीं ठेवून निघून जातो. फ्रोडो मात्र ती घेऊन घर सोडतो तो १७ वर्षांनीं, पन्नाशी गांठल्यावर. पीटर जॅक्सनच्या २००१ मधील चित्रपटांत हीं वर्षें गळालीं आहेत. मध्यें थोडाच काळ लोटल्याचा भास होतो. कथेस निकड आली, हें खरें. संकट दाराशीं आलें असतां प्रेक्षकांस १७ वर्षें थांबविणार कोण? परंतु कादंबरींतील फ्रोडो पन्नाशींतहि तरुणच दिसतो, शेजाऱ्यांस त्याचें नवल वाटतें, आणि अंगठी वय थोपवून धरते हें वाचकास तेथेंच उमगतें. चित्रपटांतील फ्रोडो मुळांतच तरुण. ती खूण बिल्बोच्या चेहऱ्यापुरतीच उरली.