एकवीसचा डाव आणि बेहड्याची पाने

नळ-दमयंतीच्या कथेतला एक गणिताचा प्रसंग आपण बहुधा विसरलेलो असतो. बाहुकाच्या वेषातला नळ विदर्भाकडे रथ हाकत असताना ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळ रथ थांबवून पडताळा घेतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या शिकतो. तो रथ निघाला होता त्या कुंडिनपुराला आपण वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर मानतो. जुगार हा नशिबाइतकाच मोजण्याचाही विषय आहे, हे आमच्याच वाटेवर सांगितले गेले!

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. त्यामुळे आमच्याकडची तरुण मंडळी मांडवीवरच्या जहाजांत जातात आणि ‘ब्लॅकजॅक’च्या टेबलापाशी थबकतात. डाव सोपा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. गुलाम, राणी, राजा यांचे दहा. एक्क्याचे एक किंवा अकरा. वाटणाऱ्याचे एक पान उघडे असते आणि सतरा होईपर्यंत त्याला पाने घ्यावीच लागतात. मग कॅसिनोचा नफा कुठे? तुम्ही आधी खेळता. तुम्ही एकवीस ओलांडलेत की पैसे गेले. मागून तोही बुडाला तरी ते परत येत नाहीत.

१९५६ साली अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून या डावाची शिस्त छापून प्रसिद्ध केली. वाटणाऱ्यापुढे छक्की असेल तर आपल्या तेरा-चौदावर थांबावे, कारण तो शंभरात सुमारे बेचाळीस वेळा बुडतो. त्याच्यापुढे सत्ती किंवा वरचे पान असेल, तर आपल्या साध्या सोळावरही पान मागावे. अठ्ठ्यांची जोडी फोडावी, दश्श्यांची फोडू नये. ‘विमा’ कधीच घेऊ नये. पुढे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ च्या पुस्तकात गेलेली पाने मोजून कॅसिनोवर मात कशी करता येते ते दाखवले. हा आधुनिक ऋतुपर्णच!

आता बँकेतला हिशेब. चांगल्या नियमांच्या टेबलावर ही शिस्त पाळली तरी शेकडा सुमारे अर्धा रुपया कॅसिनोचा. पाचशेची पैज, तासाला साठ डाव, म्हणजे उलाढाल तीस हजारांची आणि सरासरी तोटा दीडशेचा. एक्का-राजा आल्यावर शंभराला दीडशेऐवजी एकशेवीसच देणारे टेबल असेल, तर तोटा जवळपास चौपट. शिस्तीने तोटा कमी होतो, नाहीसा होत नाही.

आमच्याकडे ‘शेती म्हणजे जुगार’ असे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. पत्त्यांत बावन्न पाने ठरलेली असतात. मृगाच्या पावसाची कुणी मोजलेली नाहीत. दुबार पेरणीला पुन्हा बियाणे घेणारा हिंगणघाटचा कापूसवाला टेबलावरून उठू शकत नाही. जहाजावरच्या त्याच्या मुलाला मात्र उठता येते. त्या डावातली सर्वांत मोलाची चाल तीच आहे, आणि ती शिकायला गणित लागत नाही.