ओम्नीचे ब्रेक गॅरेजमध्ये ठीक, घाटात मात्र गायब. नेमकं काय होतं?

बुलडाणा जिल्ह्यात माणसाची ओळख गावाच्या आधी घाटावरून होते. तो 'घाटाखालचा' असतो किंवा 'घाटावरचा'. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे पूर्णेच्या खोऱ्यातले तालुके खाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वर. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, तर मलकापूर अडीचशेच्या आसपास. त्यामुळे लग्न असो, शेगावचं दर्शन असो की मलकापूरहून रेल्वे पकडायची असो, राजूर घाट किंवा बोथा घाट उतरावाच लागतो. आणि अनेक कुटुंबं हा घाट अजूनही जुन्या मारुती व्हॅनमधून उतरतात.

या व्हॅनवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. घाट उतरताना ब्रेकचा पाय खाली खाली जातो, एखाद्या वळणावर तर थेट तळाला टेकतो. जीव मुठीत धरून गाडी खाली येते. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली तर ब्रेक एकदम टाइट. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, 'काही नाही यात.' फारच आग्रह केला तर लायनर बदलून देतो. पुढच्या घाटात पुन्हा तेच. यात मेकॅनिक खोटं बोलत नसतो आणि गाडीवाल्याला भासही झालेला नसतो. बिघाड खरा असतो, पण गाडी गार झाली की तो दिसत नाही.

गाडी कोणती, ब्रेक कसे?

मारुती व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली, पुढे तिचं नाव 'ओम्नी' झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. नवे सुरक्षा नियम या जुन्या ढाच्यात बसणारे नव्हते. त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी ओम्नीही काही वर्षांची जुनी आहे आणि २००९-१० च्या गाड्यांनी पंधरा वर्षं पार केली आहेत. एमएच २८ पासिंगच्या अशा किती तरी व्हॅन आजही शाळेची मुलं, बाजाराचा माल आणि वऱ्हाडी मंडळी वाहतात.

बहुतेक ओम्नींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. पाय दाबला की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपांतून चारही चाकांकडे ढकललं जातं. पुढे कॅलिपर पॅडना डिस्कवर दाबतो, मागे व्हील सिलिंडर लायनरना ड्रमवर दाबतो. सगळा खेळ एका गोष्टीवर चालतो: द्रव दाबला तरी आकसत नाही. त्या द्रवात वायू शिरला की खेळ संपला, कारण वायू आकसतो. तुमचा पाय मग चाकाला न दाबता बुडबुडे दाबत बसतो.

घाटात बुडबुडे येतात कुठून?

ब्रेक ऑइलला 'ऑइल' म्हणायची सवय असली तरी ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत मुरत राहतं. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. बाटलीतलं ऑइल आणि तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल यांत इतका फरक पडतो.

आता घाटाचा हिशेब बघा. माणसांसकट १२०० किलोची व्हॅन २०० मीटर खाली उतरली असं समजू. या उतरण्यातून सुटणारी ऊर्जा सुमारे साडेतेवीस लाख ज्यूल भरते. तेवढ्यात ८ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरचं घर्षण खातं, काही इंजिन खातं. पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडली असेल तर इंजिनाचा वाटा शून्य आणि बाकीचं सगळं ब्रेकच्या माथी. मे महिन्यात बाहेरचंच तापमान चाळिशीपार असतं, त्यात पाच जणांच्या गाडीत नऊ जण बसलेले. कॅलिपरजवळचं मुरलेलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय तळाला जातो.

अर्ध्या तासाने डिस्क गार होते, वाफेचं पुन्हा पाणी होतं, बुडबुडे नाहीसे होतात. ब्रेक पूर्ववत. गॅरेजमध्ये काही सापडत नाही ते यामुळे. असं घडलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं हे मालकाला विचारावं. 'टाकलं होतं की थोडं, कमी झालं होतं तेव्हा,' असंच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. वरून थोडं टाकणं म्हणजे बदलणं नव्हे. दर दोन वर्षांनी जुनं सगळं काढून नवं भरायचं असतं आणि तेही सीलबंद बाटलीतून. गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडी पडलेली बाटली ओलावा पिऊन बसलेली असते.

पण आमच्याकडे तर सपाट रस्त्यावरही होतं

मग कारण वेगळं आहे. पाय नेमका कसा खाली जातो, यावरून बरंच कळतं. गाडी उभी ठेवून, इंजिन सुरू करून पेडल एक मिनिटभर दाबून धरा. ते सावकाश खाली सरकत असेल, पण टाकीतली पातळी तशीच असेल आणि कुठे गळतीही नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली आहेत. ऑइल बाहेर न पडता आतल्या आतच मागे फिरतं.

पहिल्यांदा पाय खोल जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की वर येतो, असं असेल तर दोन शक्यता. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर पाइपांत हवा आहे. ते खाली जाऊन मग दगडासारखं कडक लागत असेल तर मागचे लायनर ड्रमपासून लांब गेलेत. ते झिजलेत किंवा अॅडजस्टर गंजून अडकलाय. पहिल्या प्रकारात हवा काढायची, दुसऱ्यात ड्रम उघडायचा. कित्येकदा दुसऱ्या प्रकारातही नुसती हवाच काढली जाते आणि आठवड्याने गाडी परत येते.

पाय एक दिवस अचानक नेहमीपेक्षा खाली जायला लागला, पण ब्रेक 'लागतो तर आहे', ही स्थिती सगळ्यात फसवी. मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात, म्हणजे एका बाजूला गळती झाली तरी दुसरी बाजू काम करते. ती सोय गाडी कडेला घेऊन गॅरेजपर्यंत नेण्यापुरती आहे. माणूस चार दिवसांत त्या खोल पेडलला सरावतो आणि अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत राहतो.

तीनदा लायनर बदलले, तरी मागचं चाक धरत नाही

ओम्नीच्या बाबतीत हा प्रश्न खास आहे, कारण ही गाडी मागच्या चाकांवर चालते. मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियलचं गियर ऑइल असतं आणि ते ड्रममध्ये येऊ नये म्हणून टोकाला ऑइल सील असतं. सील झिजलं की गियर ऑइल थेंबाथेंबाने लायनरवर येतं. लायनर तेलकट झाला की ते चाक धरत नाही, गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. मेकॅनिक नवे लायनर टाकतो, महिनाभर ब्रेक झकास. मग तेही तेलात भिजतात.

म्हणून ड्रम उघडल्यावर ओल नेमकी कशाची आहे ते आधी बघायचं. घट्ट, काळपट आणि उग्र गंधकाच्या वासाची असेल तर गियर ऑइल. दोष एक्सलच्या सीलचा. पातळ असेल आणि व्हील सिलिंडरचं रबर मागे सारल्यावर आत ओलं दिसत असेल तर ब्रेक ऑइल, दोष सिलिंडरचा. सील नवं टाकूनही पुन्हा गळत असेल तर एक्सलवरचा छोटा ब्रीदर तपासायला सांगा. तो मातीने बुजला की तापलेल्या एक्सलमधल्या हवेला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ती तेलाला सीलमधून ढकलते. काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत ब्रीदर बुजणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. भिजलेले लायनर पेट्रोलने पुसून किंवा जाळून परत बसवतात, तेही चालणार नाही. तेल आत मुरलेलं असतं, तापल्यावर पुन्हा वर येतं.

'किट टाकलंय' हेही नेहमी ऐकू येणारं वाक्य. किट म्हणजे सिलिंडरची रबरं. पण सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं रबर त्यावर घासून थोड्याच दिवसांत जातं. तिथे अख्खा सिलिंडरच बदलावा लागतो. दुसरी चूक धुण्याची. ही रबरं पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा ग्रीसच्या संपर्कात आली की फुगतात. सिलिंडर उघडल्यावर तो फक्त ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने साफ करायचा. रॉकेलच्या डब्यात बुचकळून काढलेला सिलिंडर दिसतो चकचकीत, पण पुढच्या बिघाडाची सोय तिथेच झालेली असते. आणि ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका; जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

ब्रेक सुटतच नाही

हा उलटा त्रास. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी ओढायला लागते, एका चाकातून जळका वास येतो, थोडा वेळ थांबलं की सगळं ठीक. चाकांजवळ हात नेऊन बघा (टेकवू नका), एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय. गॅरेजमध्ये ते चाक जॅकवर उचलून हवा काढायचं निपल सैल करायला सांगा. निपल सैल होताच चाक मोकळं फिरलं तर ऑइलचा दाब अडकलेला आहे: बहुधा रबरी होज आतून फुगलाय, ऑइल जाताना जातं पण परत येत नाही. बाहेरून तो होज अगदी नव्यासारखा दिसू शकतो. निपल उघडूनही चाक जामच असेल तर कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या पिना किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे.

चारही चाकं धरत असतील तर पेडलचा फ्री प्ले बघा. 'ब्रेक वरच हवा' म्हणून कुणी तरी पुशरॉड जास्त कसलेला असतो. मग ऑइलचा टाकीत परतायचा मार्ग बंद होतो, ऑइल तापून फुगतं आणि पाय न लावताच ब्रेक लागत जातो. आणि हे असं तापलेलं ऑइल घेऊन गाडी घाटात पोचली की वरचा पहिला प्रकार घडतो. दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ कधी कधी एकच निघतं.

घाटात पाय तळाला गेला तर?

पेडल भराभर तीन-चार वेळा दाबा, थोडा दाब परत मिळू शकतो. लगेच एकेक गियर खाली आणा. हँडब्रेक ऑइलवर नाही तर केबलवर चालतो, त्यामुळे ऑइल उकळलं तरी तो मागची चाकं धरतो. फक्त बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागचं चाक घसरतं. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या नाही. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणारे आजही आहेत. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल इतकं कडक होतं की पूर्ण ताकद लावूनही गाडी धड थांबत नाही. बूस्टर ठीक आहे का हे घरच्या अंगणात कळतं: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरलेलं असतानाच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी तपासायला हवी.

उतरताना नियम जुनाच: ज्या गियरमध्ये घाट चढता, त्याच गियरमध्ये उतरा आणि ब्रेकवर पाय सतत ठेवू नका; दाबा, वेग कमी करा, सोडा. वास यायला लागला तर थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि २०१९ मध्ये थेट टिपेश्वरहून चालत आलेला वाघ याच जंगलात मुक्कामी होता, तेव्हा तिथे गाडीतून उतरून पाय मोकळे करण्यापेक्षा उतार सुरू व्हायच्या आधीच गियर बदललेला बरा.

गॅरेजला जाताना नुसतं 'ब्रेक लागत नाही' असं सांगू नका. गार असताना की तापल्यावर, मऊ की कडक, सावकाश की अचानक, कुठल्या बाजूला ओढते, टाकीतली पातळी कमी होते का, हे कागदावर लिहून न्या. आणि ब्रेक ऑइल बदललं की तारीख स्टिकरवर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. गाडी पुढे विकली गेली तरी ती तारीख तिच्याबरोबर जाते.