श्याम मोठा झाल्यावर

संपादकांनी ‘मराठी पडद्यावरचे बालकलाकार’ हा विषय माझ्या गळ्यात मारला, तेव्हा त्यांना यादी हवी होती हे मी ओळखून आहे. यादी देतो. पण आपल्याकडचे जाणकार अशी यादी हातात आली की प्रत्येक नावापुढे एकच रकाना भरतात : पुढे हिरो झाला का? झाला तर सोनं झालं, नाही झाला तर ‘वाया गेला बिचारा’. या रकान्याशी माझं जुनं वैर आहे. २०२५ च्या मे महिन्यात ‘श्यामची आई’तले श्याम, माधव वझे, गेले. बुलढाण्यात चहाच्या टेबलावर एका रसिकाग्रणींनी लगेच निकाल दिला, ‘श्याम केला खरा, पण पुढे काही झालं नाही.’ त्यांना तिथे दिलेलं उत्तर छापण्याजोगं नव्हतं. छापण्याजोगं इथे देतो.

सुरुवात फाळक्यांच्या घरातच झाली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला रोहिदास म्हणजे दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र, आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाचा जो भाग आज पाहायला मिळतो, त्याच्या आरंभी ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव नुसत्या चेहऱ्यावर आणून दाखवते. आज बंद खोलीत ऑडिशन चालते, ती फाळक्यांनी सरळ प्रेक्षकांपुढेच घेतली. पुढे मोठमोठ्या नट्या आल्या, पण हे धाडस फार थोड्यांना झेपलं असतं.

प्रभातने मुलं जपून वापरली. १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’मधला कृष्ण राम मराठे. त्यांच्यापुढचा हिरोचा रकाना रिकामाच राहिला, कारण ते गायला गेले, आणि संगीत रंगभूमीने व मैफलींनी त्यांना डोक्यावर घेतलं. यांना कोणी वाया गेलेले म्हणून दाखवावं! १९४४ च्या ‘रामशास्त्री’तली बेबी शकुंतला नायिकेच्या भूमिकांपर्यंत पोचली आणि लग्नानंतर कोल्हापूरच्या घरात रमली. त्यानंतरच्या हिंदीतल्या ‘बेबी’ आणि ‘मास्टर’ मंडळींची रांग मी सोडून देतो. कपाळावर झुलूप, तोंडी म्हाताऱ्यासारखे संवाद आणि तिसऱ्या रिळात ताप, हा एकच साचा वर्षानुवर्षं चालला.

आता श्याम. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक तोवर घराघरात गेलं होतं, आणि गुरुजी जाऊन तीनच वर्षं झाली होती. वनमालाबाई आई झाल्या, संगीत वसंत देसायांचं. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. हे सगळ्यांना पाठ आहे. त्या पोराने नेमकं काय केलं, हे मात्र कोणी बोलत नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो चिखलीला, शाळेच्या मैदानावर. प्रसिद्धी खात्याची गाडी आली होती, कापडी पडदा दोन बांबूंना ताणून बांधला होता, आणि रीळ बदलायला थांबलं की जनरेटरचा आवाज तेवढा उरायचा. बायामाणसं पडद्याच्या उलट्या बाजूलाही बसली होती, त्यांना श्याम डावखुरा दिसला. आमचा जिल्हा सिंदखेडराजाचा. आई आणि मुलगा म्हटलं की आमच्यापुढे जिजाऊ आणि शिवबा उभे राहतात, तलवार आणि स्वराज्य. पालगडचा हा कोकणातला भित्रा पोरगा आणि त्याची गरिबीने पिचलेली आई आमच्या बायांना कशी रुचावी? पण पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई झोडपून काढते आणि नंतर त्याचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात, तिथे मैदानात पदर डोळ्यांना लागले. आमच्याकडेही विहिरीत पोरांना असंच ढकलत. ‘मायच ते, मारीन नाही तं काय?’ असं कोणीतरी मागून बोललं. तेवढी दाद आम्हांला पुरे होती.

वझ्यांची करामत अशी की त्यांचा श्याम गोड नाही. हट्टी आहे, घाबरट आहे, प्रसंगी लबाडही आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईकडून पदर पसरून घेणारं हे पोर आधी लाडावलेलंच दिसायला हवं, नाहीतर पुढच्या शिकवणीला अर्थ काय? दुसऱ्या कोणी तिथे मान तिरकी करून आर्जव केलं असतं. हा मुलगा नुसता ताठ उभा राहतो, हक्काने. रडतानाही तो प्रेक्षकाकडे रडत नाही, आईकडे रडतो. पुस्तकात ‘अळणी भाजी’ आहे, ‘थोर अश्रू’ आहे, पानापानाला डोळे ओले करायची सोय आहे. त्या सोयीला बळी न पडणं तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला जमलं, ते अत्र्यांच्या तालमीमुळे की स्वभावामुळे, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

आणि मग हा मुलगा शिकला. इंग्रजीचा प्राध्यापक झाला, पुण्यात नाटकं बसवली, तरुण नटांना घडवलं आणि नाट्यसमीक्षा लिहिली. पुण्याची वर्तमानपत्रं आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायची, तरी त्यातलं वझ्यांचं परीक्षण मी शिळं मानलं नाही. नाटक आवडलं नाही तर का आवडलं नाही, हे ते नटाचा अपमान न करता सांगत. स्वतः पोरवयात उजेडात उभं राहिल्याशिवाय ही सभ्यता येत नसावी. ‘श्यामची आई, आचार्य अत्रे आणि मी’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नाही, त्यांनी श्यामवर बोलू नये, असा माझा दंडक आहे. उतारवयात ‘थ्री इडियट्स’ आणि ‘डिअर जिंदगी’त ते छोट्या भूमिकांत दिसले, तेव्हा थेटरात शेजारच्याला कोपराने ढोसून ‘हाच तो’ सांगणारे आम्ही दोन-चार म्हातारे होतो. पडद्यापासून उठून दुसऱ्या खुर्चीत बसणं आणि तिथूनही रंगभूमीच्या उपयोगी पडणं, याला ‘काही झालं नाही’ म्हणतात तर मग होणं म्हणजे काय?

रकानावाल्यांचा हुकमी पुरावा म्हणजे सचिन. राजा परांजपे यांचा ‘हा माझा मार्ग एकला’, आणि तिथून ‘गीत गाता चल’चा नायक, मग ‘अशी ही बनवाबनवी’चा दिग्दर्शक. वाद नाही, असं पुन्हा घडणं कठीण. ‘छोटा जवान’चा महेश कोठारे वकिली शिकला, काळा कोट घातला आणि १९८५ ला ‘धूमधडाका’ घेऊन परत आला. कौतुक आहेच. पण या दोन नावांनी आपली नजर बिघडवली. दोघांवरून सगळ्यांचं माप घ्यायची खोड लागली.

मधली वर्षं कोरडी गेली. २००४ चा ‘श्वास’ आला, अश्विन चितळेने डोळे गमावणाऱ्या परशाचं काम केलं आणि सुवर्णकमळ पन्नास वर्षांनी मराठीत परतलं.

मग ‘नाळ’. आता थोडा पक्षपात करतो. आम्हां वऱ्हाडी माणसांची बोली पडद्यावर नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घालायची रीत होती. २०१८ साली सुधाकर रेड्डी यक्कंटी या तेलुगू माणसाने ती एका पोराच्या तोंडी दिली, आणि अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेने तिच्यात खेळून दाखवलं. आपण दत्तक आहोत हे कळलेला चैत्या आईकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो, ते बघणं त्याला कोणी शिकवलेलं वाटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या एकाहत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकारांच्या पाच नावांपैकी चार मराठी चित्रपटांतली : ‘नाळ २’चे श्रीनिवास, भार्गव जगताप, त्रिशा ठोसर आणि ‘जिप्सी’चा कबीर खंदारे. उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’. वझे तीन महिने आधी गेले.

साडी नेसलेली चिमुकली त्रिशा पुरस्कार घ्यायला गेली, ती चित्रफीत माझ्या मोबाइलवर एका दिवसात सात-आठ जणांनी पाठवली. प्रत्येकाच्या खाली तोच प्रश्न, आता पुढचा सिनेमा कोणता? ‘पोरगी कितवीत आहे’ हे एकानेही विचारलं नाही.

सिनेमातल्या मुलांसाठी निदान कायदा तरी आहे. बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनुसार चित्रीकरणाला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांवर काम नाही, सलग तीन तासांनी विश्रांती, सलग २७ दिवसांवर काम नाही, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे ठेव म्हणून. वाहिन्यांच्या स्पर्धांत मध्यरात्रीपर्यंत लावणीवर नाचणाऱ्या सहा वर्षांच्या पोरींना हे कितपत लाभतं, ते परीक्षकांनाच विचारा. त्यांचे डोळे कॅमेरा लागला की वेळेवर भरून येतात. आणि घरच्या मोबाइलवर रोज रील करणाऱ्या पोराची परवानगी कोण घेतो? दिग्दर्शक बाप, निर्माती आई, प्रेक्षक लाखभर. जाहिरातीचे पैसे येतात ते बापाच्या खात्यात, आणि पोराच्या नावची ठेव मी अजून कोणाच्या घरात पाहिलेली नाही.